ताप कितव्या दिवसाचा?

(तळवली गावात झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्यातून गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ आहे, म्हणून विषयही त्यांच्याच आजाराचा घेतला आहे. त्या काळाबद्दल आपल्याकडे कुणाशीही बोला, एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बरा होत आला होता हो. ताप उतरला होता. आणि दोन दिवसांत गेला." मी ते घणसोलीत ऐकलं, रबाळ्यात ऐकलं, इथेही ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात त्या वाक्यामागे एक टोचणी असते. आपण न्यायला उशीर केला का? बेड मिळाला नाही म्हणून झालं का? कुणी चुकीचं औषध दिलं का? मला आज या वाक्याचंच उत्तर द्यायचं आहे, कारण ते वैद्यकशास्त्राकडे आहे.

आजाराचे दिवस कसे मोजतात ते आधी पाहू. अंग मोडून आलं किंवा ताप भरला तो पहिला दिवस. करोनाच्या बहुतेक रुग्णांचा ताप पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ओसरायचा आणि माणूस बरा व्हायचा. थोड्यांच्या बाबतीत मात्र पहिल्या आठवड्याच्या शेवटी धाप सुरू व्हायची. वुहानमधल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये जानेवारी २०२० मध्ये छापून आला. ज्यांना धाप लागली, त्यांना ती साधारण आठव्या दिवशी लागली, असं त्यात नोंदवलेलं होतं. आपल्याकडे साथ पोचायला तेव्हा दीड महिना होता. पुढे वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये महापालिकेने उभारलेल्या भल्यामोठ्या कोविड केंद्रापासून खेड्यातल्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत सगळीकडे हाच आठवा-नववा दिवस पुन:पुन्हा दिसला.

कोडं पुढे आहे. घशातल्या आणि नाकातल्या विषाणूचं प्रमाण लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि मग उतरत जातं. म्हणजे धाप लागते तेव्हा विषाणू मागे हटायला लागलेला असतो. मग फुप्फुस बिघडवतं कोण? आपलीच प्रतिकारशक्ती, आणि तीही कमी पडली म्हणून नव्हे, तर चुकीच्या वेळी आणि प्रमाणाबाहेर चालू राहिली म्हणून. त्या काळात घरोघरी काढे उकळले गेले, प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या गोळ्या खपल्या. प्रतिकारशक्ती म्हणजे एकच एक ताकद, ती जितकी जास्त तितकं बरं, असा समज त्यामागे होता. तो अपुरा आहे. या यंत्रणेत वेगवेगळे संदेश असतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. वेळ चुकली की माणूस चुकतो.

पहिला संदेश इंटरफेरॉनचा. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांत उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लूएंझाचा विषाणू सोडला. नंतर भोवतालचा द्रव त्यांनी ताज्या पडद्यांवर टाकून पाहिला. त्या ताज्या पडद्यांत जिवंत विषाणूला नीट वाढता येईना. पहिल्या पेशींनी काहीतरी बाहेर सोडलं होतं आणि त्यामुळे दुसऱ्या पेशी सावध झाल्या होत्या. त्या 'काहीतरी'ला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं. विषाणू शिरलेली पेशी शेजारणींना कळवते, शेजारणी स्वतःची दारं लावून घेतात आणि विषाणूच्या प्रती निघणं मंदावतं. हे पहिल्या काही तासांत, फार तर पहिल्या एकदोन दिवसांत व्हायला हवं.

करोनाचा विषाणू नेमका इथेच घाव घालतो. त्याची काही प्रथिनं पेशीचा हा पहिला निरोप दाबून टाकतात. वय वाढलं की हा निरोप तसाही मंद होतो. त्यात २०२० साली एक शोध लागला, जो माझ्या मते या साथीतला सर्वांत महत्त्वाचा शोध होता आणि मराठी वाचकांपर्यंत तो फारसा पोचलाच नाही. ज्याँ-लोराँ काझानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यवस्थ झालेले ९८७ रुग्ण तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. ती आजारामुळे तयार झालेली नव्हती, अनेकांमध्ये ती आधीपासून होती. माणूस धडधाकट, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला, आणि त्याच्या रक्तात पहिला निरोपच पुसून टाकणारी गोष्ट बसलेली. या १०१ जणांत ९५ पुरुष होते. "आमच्या घरात सगळ्यांना झाला, सगळे बरे झाले, मग धडधाकट होता तोच कसा गेला?" असं विचारणाऱ्या बायकांना मी हे सांगतो. प्रत्येकाच्या बाबतीत हेच कारण असेल असं नाही. पण धडधाकट दिसणं आणि आतली तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही उणीव घरच्या कुणालाही बाहेरून ओळखता आली नसती.

पहिला निरोप वेळेवर गेला नाही की विषाणू खाली फुप्फुसात उतरतो आणि दुसऱ्या फळीचे संदेश सुटतात. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी त्यांची नावं. या सगळ्यांना मिळून सायटोकाइन म्हणतात. हे दाहाचे संदेश. ते वाईट नाहीत. बोटाला काटा लागून ते लाल होतं, सुजतं, ठणकतं, तेव्हा याच संदेशांनी रक्तातल्या लढाऊ पेशी तिथे बोलावलेल्या असतात आणि त्यामुळेच बोट वाचतं. पण फुप्फुस म्हणजे बोट नव्हे.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. एकेका वायुकोशाची भिंत इतकी पातळ की आतली हवा आणि बाहेरच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये एका मायक्रॉनचंही अंतर नसतं. म्हणून तर ऑक्सिजन क्षणात पलीकडे जातो. भिंत पातळ राहिली आणि आतली जागा कोरडी राहिली तरच हा व्यवहार चालतो. दाहाचे संदेश केशवाहिनीच्या भिंतीला सांगतात की फटी उघड, पेशींना जाऊ दे. फटींतून पेशी जातात तसं रक्तातलं पाणी आणि प्रथिनंही जातात.

आपल्या खाडीकाठच्या जुन्या माणसांना हे मी एका वाक्यात सांगू शकतो. खारबंदिस्तीची उघाडी भरतीच्या वेळी उघडी राहिली तर शेताचं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पाणी बाहेर काढायला केलेली वाट तीच, आणि खाडी आत शिरते तीही तिथूनच. शेत बुडतं तेव्हा बांध फुटलेलाच असतो असं नाही.

आता आत काय होतं ते पाहा. पाझरलेल्या प्रथिनांचा आणि मेलेल्या पेशींचा एक चिकट थर वायुकोशाच्या आतल्या बाजूला बसतो. वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव बनवणाऱ्या पेशी मरतात, त्यामुळे कोश मिटतात. शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. माणूस श्वास घेतो, छाती हलते, हवा आत जाते, पण ती रक्तापर्यंत पोचत नाही. विशेष म्हणजे बऱ्याच जणांना सुरुवातीला हे जाणवतच नाही. माझ्या वॉर्डात पन्नाशीचा एक कामगार पेशंट होता, आजाराचा नववा दिवस. खाटेवर मांडी घालून तो मुलाशी फोनवर बोलत होता, गावी भाताची आवणी झाली का ते विचारत होता. ताप नव्हता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८२. मी त्याला बाथरूमपर्यंत चालून यायला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तो वाटेतच पडला असता. पालथं झोपवलं, मास्क लावला, स्टिरॉइड सुरू केलं. ताप उतरणं आणि आजार उतरणं यांतलं अंतर म्हणजे नेमकं हे.

तेव्हा घराघरांत रिपोर्टांची भाषा रुळली होती. "सीआरपी किती आला?", "फेरिटिन वाढलंय का?", "डी-डायमर?" त्यांचा अर्थ आज तरी सांगायला हवा. इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतं. म्हणजे सीआरपी हा दाहाच्या संदेशाचा प्रतिसाद आहे. फेरिटिन वाढतं ते बऱ्याच अंशी फुप्फुसातल्या भक्षकपेशी चवताळल्या की. आणि गुठळ्या विरघळताना डी-डायमर सुटतो. हे तीनही आकडे विषाणू मोजत नाहीत, विषाणूला दिलेलं उत्तर मोजतात. सीटी स्कॅनचा तो पंचवीसपैकी स्कोअर, ज्याच्यावरून अख्खं कुटुंब रडायचं किंवा हायसं व्हायचं, तो फुप्फुसाचा किती भाग व्यापला ते सांगायचा, पण आजार आता चढतो आहे की उतरतो आहे हे नाही सांगायचा. चौथ्या दिवशीचा आठ आणि बाराव्या दिवशीचा आठ यांचा अर्थ अगदी वेगळा. म्हणून मी कुठलाही रिपोर्ट हातात घेण्याआधी तारीख विचारतो.

हे सगळं करोनानेच पहिल्यांदा दाखवलं असं नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस शिपाई तापाने पडू लागले. इन्फ्लूएंझाच्या साथीची ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं गेली. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांच्या आसपास बळी घेतले. एरवी इन्फ्लूएंझा लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना नेतो. त्या वर्षी वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं गेली. त्यावरून पुष्कळ जण म्हणतात की तरुणांची जोरकस प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटली. यात तथ्य आहे. २००५ मध्ये तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा केल्यावर माकडांमध्ये त्याने तसाच बेफाम दाह पेटवला. पण जुन्या शवविच्छेदनांचे नमुने पुन्हा तपासल्यावर दिसलं, की बहुसंख्य मृत्यू फुप्फुसात नंतर शिरलेल्या जिवाणूंमुळे झाले होते. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. दाहाने उद्ध्वस्त केलेली भिंत जिवाणूंना आयती सापडली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू पुण्यात आला, ३ ऑगस्टला देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला. त्या साथीतही तरुण आणि गरोदर स्त्रिया व्हेंटिलेटरवर गेलेल्या आपण पाहिल्या.

आता उपचारांकडे येतो.

मार्च ते जून २०२० या काळात स्टिरॉइडबद्दल डॉक्टरांचे दोन तट होते. स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, मग विषाणूच्या आजारात ते द्यायचं कसं, हा रास्त प्रश्न होता. आधीच्या सार्स आणि इन्फ्लूएंझाच्या अनुभवात त्याने विषाणू जास्त दिवस टिकतो असं दिसलं होतं. उत्तर वादातून मिळालं नाही, मोजून मिळालं. इंग्लंडमध्ये पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली. सहा हजारांहून जास्त रुग्ण, त्यांतल्या २१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. निकाल १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये २६ वरून २३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात फायदा नाही. उलट मृत्यू १४ च्या जागी जवळपास १८ टक्के, म्हणजे झालं तर नुकसानच.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. औषध तेच, डोस तोच. विषाणूशी झुंज चालू असताना दिलं तर घातक ठरू शकतं, दाहाने फुप्फुस भरू लागल्यावर दिलं तर तारतं. आणि हे औषध १९५० च्या दशकातलं, कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारं. जून संपायच्या आत केंद्र सरकारने ते उपचारपद्धतीत घेतलं. या साथीत ज्या औषधाने जीव वाचतात हे सर्वांत आधी सिद्ध झालं, ते गरिबाच्या खिशाला परवडणारं होतं, याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो.

त्याच्या अगदी उलट रेमडेसिविरची कथा. ते विषाणूवरचं औषध, त्याची वेळ पहिल्या आठवड्यातली. पुढे झालेल्या एका चाचणीत, लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत तीन दिवस ते दिलं, तर हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ ५.३ टक्क्यांऐवजी ०.७ टक्के रुग्णांवर आली. पण एप्रिल २०२१ मध्ये आपण रांगा लावल्या त्या कुणासाठी? बाराव्या दिवशी व्हेंटिलेटरवर असलेल्या बापासाठी. रात्र रात्र मेडिकलच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांना चिठ्ठी आम्ही डॉक्टरांनी दिली होती. या औषधाची वेळ निघून गेली आहे, हे त्यांना बसवून सांगायला हवं होतं.

टोसिलिझुमॅब, म्हणजे वॉर्डात ज्याला सगळे 'टोसी' म्हणायचे, ते थेट इंटरल्यूकिन-६ चा संदेश अडवतं. एका इंजेक्शनची किंमत तेव्हा चाळीस हजार रुपयांच्या घरात. ते मुळात संधिवातासारख्या दाहाच्या आजारांसाठीचं. तादामित्सु किशिमोतो यांनी जपानमधल्या ओसाकात इंटरल्यूकिन-६ वर आयुष्यभर जे काम केलं, त्यातून ते आलं. करोनावरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत त्याने निराश केलं. मग २०२१ मध्ये 'रिकव्हरी'नेच दाखवलं की ऑक्सिजन घसरलेला आणि सीआरपी चढलेला, अशा रुग्णांत स्टिरॉइडच्या जोडीने ते दिलं तर मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर येतात. शंभरात चार जीव. फायदा खरा, पण ज्या चमत्काराच्या आशेने घरं गहाण पडली तो चमत्कार नव्हे.

असं का, याचं उत्तर आपल्या नवी मुंबईतच, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात पाहायला मिळतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर कार-टी पेशींचा देशी उपचार घडवला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. या उपचारात रुग्णाच्याच लढाऊ पेशी बदलून परत सोडतात, आणि त्या कर्करोगावर तुटून पडतात तेव्हा दाहाच्या संदेशांचा खरोखरचा लोंढा सुटू शकतो. तिथे टोसी दिलं की ताप आणि रक्तदाब अनेकदा काही तासांत ताळ्यावर येतात. जगभरचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं की कार-टीच्या लोंढ्यात इंटरल्यूकिन-६ हजारोंच्या घरात जातं, तर गंभीर करोनात ते सरासरी शेकड्याच्याही आत असतं. म्हणजे करोनात नुसता एक संदेश अनावर झालेला नसतो. उशिरा आलेलं इंटरफेरॉन, गुठळ्या, मेलेल्या पेशी, थकलेल्या लिम्फोसाइट नावाच्या लढाऊ पेशी असं बरंच काही एकाच वेळी बिघडलेलं असतं. एकच संदेश तोडून सगळं सुरळीत होणार नव्हतं. स्टिरॉइड अनेक संदेश एकदम थोडेथोडे खाली आणतं, म्हणून ते जास्त उपयोगी पडलं असं मला वाटतं.

पण स्टिरॉइडचं दुसरं टोकही आपण भोगलं. दुसऱ्या लाटेत गल्लोगल्ली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना स्टिरॉइड दिलं गेलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून लोकांनी स्वतः आणून घेतलं. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ च्या सुरुवातीला जाहीरपणे बजावलं की सौम्य आजारात स्टिरॉइड देऊ नका. तोवर उशीर झाला होता. स्टिरॉइडने साखर चढली, आधीचा मधुमेह हाताबाहेर गेला आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने नाकातून डोळ्याकडे वाट काढली. जूनअखेर देशात त्याचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. डोळा काढावा लागलेली, वरचा जबडा गेलेली माणसं आजही आपल्यात आहेत. आपल्या भागात शेती गेली, मिठागरं गेली, अंगमेहनत गेली आणि मधुमेह घरोघरी आला. तेव्हा हा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

आता करोना तसा राहिला नाही. लस आणि आधीचा संसर्ग यांमुळे बहुतेकांच्या शरीराला तो ओळखीचा झाला आहे, पहिला निरोप उशिरा गेला तरी दुसरी मदत लवकर येते. पण पावसाळ्यात इन्फ्लूएंझा दर वर्षी येतो, आणि त्याचीही काही माणसं पाचव्या-सहाव्या दिवशी धापेवर जातात. त्याचं विषाणूवरचं औषध, ऑसेल्टामिविर, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त काम करतं. घरात साठीच्या पुढचं माणूस, गरोदर सून किंवा साखरेचा पेशंट असेल तर "दोन दिवस बघू" म्हणू नका. ताप आला ती तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तीच आधी सांगा. ऑक्सिमीटर घरात असेल तर बसून एकदा आणि घरातल्या घरात सहा मिनिटं चालून एकदा पाहा. चालल्यावर आकडा तीन-चारने घसरला तर बसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

इन्फ्लूएंझाच्या गंभीर न्यूमोनियात स्टिरॉइड द्यावं का, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. आजवरच्या नोंदींवरून त्याने नुकसान होतं असा संशय आहे, आणि 'रिकव्हरी' चाचणीने तोही प्रश्न मोजायला घेतला आहे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी जे आधीपासून चालू आहे ते कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. पण फ्लूच्या तापात दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजन नीट असताना, "लवकर उतरेल" म्हणून कुणी स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचू लागलं तर ते कशासाठी, असं स्पष्ट विचारा आणि उत्तर पटलं नाही तर नको म्हणा. आणि आकडा ९४ च्या खाली गेला तर ताप आहे की नाही, रात्रीचे किती वाजलेत, हे न बघता मोठं हॉस्पिटल गाठा.